बुडख्यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा मेसमध्ये भाजी चिरण्याचा, राहणार दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, पूर्ण शुद्धीवर असताना, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला दबावाखाली घेईल असं माणूस या बिल्डिंगीत अजून राहायला आलेलं नाही, हे मी वकीलीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तरी लिहायचं असतं. लिहिलं.

सुरुवात त्यांच्या नमुन्यावरून उतरवली आहे. सगळंच लिहून देते म्हणाल्या होत्या, पण त्यांचा नमुना वाचून शेवटपर्यंत कळेना की मेलंय कोण. म्हणून बाकीचं माझं मी लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर वेडंवाकडं आहे, म्हणणं सरळ आहे.

आत्ताच लिहायचं कारण, पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, साधी आहे. मी म्हटलं, साधी आहे तर राहू दे की बापडी. त्यांना ते आवडलं नाही. मी घाबरलेले नाही. पण गॅलरीत एवढा संसार मांडून ठेवलाय, तो कोणाच्या गळ्यात टाकायचा हे ठरवल्याशिवाय मला त्या टेबलावर आडवं व्हायचं नाही.

वकीलीणबाईंनी एक गोष्ट बजावली, ती सगळ्यांच्या माहितीसाठी आधीच लिहिते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झालाच, तर त्याचं मिळणं रद्द. तेव्हा उगाच कोणी पुढे पुढे करून सही ठोकू नये.

कलम पहिले. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी माझ्या नावावर आहे. माझे पश्चात ती लेकीची. पण तिचा बाप जिवंत असेपर्यंत त्याला कोणी ऊठ म्हणायचं नाही. शिलाई मशीन खिडकीशी आहे, ते खिडकीशीच राहील. त्याचा खडखडाट होतो हे मला माहीत आहे. लग्न झाल्यापासून ऐकतेय. तो थांबला की मला झोप येत नाही.

लेकीसाठी अट. गॅलरीला काचा लावून खोली करायची नाही. तिच्या मनात ते कधीपासून आहे. माप घेऊन गेली होती, मी भाजी आणायला गेले होते तेव्हा. तिला वाटतं आईला कळलं नाही. अगं, टेप मागायला बापाकडेच गेलीस, आणि तुझ्या बापाच्या पोटात पाणी तरी राहतं का?

फोनवर एकदा म्हणाली, "आई, लोक कचरा बाहेर टाकतात. तू त्याला पाणी घालतेस."

मी म्हटलं, "तुलाही घातलंच की. बघ कशी उंच झालीस."

फोन ठेवला तिने. संध्याकाळी परत केला, हसत होती. पोर चांगली आहे. पण राहते अशा उंच इमारतीत जिथली खिडकी उघडतच नाही, आणि पुदिना आणते प्लास्टिकच्या डबीत. तिच्या हाती गॅलरी द्यायची म्हणजे मांजराला दूध राखायला बसवायचं. घर तिचं. गॅलरीत काय राहील ते कलम सहामध्ये.

कलम दुसरे. ठेव आणि दागिना.

बँकेतली ठेव निम्मी नवऱ्याची, निम्मी लेकीची. गळ्यातलं लेकीच्या लेकीला. त्यावर कोणी चर्चा करायची नाही. लोकांची अर्धी मृत्युपत्रं यातच संपतात म्हणे. माझं संपलं.

कलम तिसरे. हत्यारं आणि पिशवी.

मेसमध्ये चिरायची माझी सुरी माझी स्वतःची आहे. मेसच्या सुऱ्यांनी लोणीसुद्धा कापलं जात नाही. ती सुरी माझ्या शेजारच्या पाटावर कांदा चिरते त्या बाईला द्यावी. ती रडत नाही आणि बोलत नाही, दोन्ही गुण दुर्मिळ.

मेसच्या मॅनेजरला माझी कापडी पिशवी. हा मनुष्य नवीन आला तेव्हा दारावर सगळ्यांच्या पिशव्या तपासायचा. माझ्या पिशवीत हात घातला तर कांद्याचे बुडखे, गाजराची टाळकी, कोबीचा दांडा, आल्याचं एक सुरकुतलेलं बोट.

"बाई, हे काय?"

"कचरा."

"कचरा घरी नेता?"

"चोरून नेते. लिहून घ्या."

तो खरंच लिहायला लागला. मग मागे रांगेतल्या बायका हसायला लागल्या तेव्हा थांबला. तेव्हापासून माझी पिशवी दिसली की छताकडे बघतो. तर ती पिशवी त्याला द्यावी. रिकामी. त्याने ती रोज तपासावी.

कलम चौथे. नवरा.

माणूस सोन्यासारखा. फाटलेलं काहीही जोडून देतो. फक्त हिरव्या गोष्टीला त्याने हात लावू नये.

पुरावा पहिला, आलं. आल्याच्या तुकड्यावर डोळा फुगलेला दिसला की तो मातीत आडवा पुरायचा आणि विसरून जायचं. विसरणं हेच त्यातलं काम. हा मनुष्य रोज सकाळी चहा घेऊन जाणार, बोटाने माती उकरणार, आल्याला उजेड दाखवणार आणि परत झाकणार. मी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणे, "आलंय का ते बघतोय." असं रोज पांघरूण ओढलं तर माणूससुद्धा उठायचा नाही. कुजलं.

पुरावा दुसरा, गाजर. गाजराचं टाळकं बशीत पाण्यात ठेवलं की वर झिपऱ्या पानांचा तुरा येतो. पानं येतात, गाजर येत नाही. ते एकदाच येतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मातीत लाव, बघ येतं की नाही." आमची पैज लागली. त्याने बादलीत टाळकी लावली आणि खालच्या मजल्यावरच्या रिटायर पोस्टमनला रोज बातमी द्यायला लागला. मग एका रविवारी पोस्टमनला बोलावून सगळ्यांसमोर बादलीतून गाजर उपटून दाखवलं. लांबलचक, गुळगुळीत, अंगावर एक केस नाही, मातीचा कण चिकटलेला नाही. बाजारात धुऊन मांडतात ना, अगदी तसं. पोस्टमनने टाळ्या वाजवल्या.

मी त्या गाजराचं सूप केलं आणि सगळ्यांना वाढलं.

अहो, मला तेव्हाच कळलं होतं. इतकी वर्षं तुम्ही ते गाजर सांगत फिरताय, मी एकदाही तोंड उघडलं नाही. यापेक्षा जास्त प्रेम माझ्याच्याने व्हायचं नाही. ती बादली तुम्हाला दिली. त्यात हवं ते रोवा.

कलम पाचवे. गॅलरीत काय आहे आणि त्याचं काय करायचं.

हे नीट वाचावं, कारण हे मी पुन्हा सांगायला नसेन.

कांद्याच्या पातीचे बुडखे काचेच्या ग्लासात आहेत. मुळ्या खाली, गळा वर. पाणी मुळ्या बुडतील एवढंच. गळ्यापर्यंत पाणी घातलं की चिकट होतो आणि वास मारतो. पाणी रोज बदलायचं. रोज म्हणजे रोज, आठवलं की नव्हे. पात वाढली की कापायची, पुन्हा येते. काही वेळा कापून झालं की पात बारीक होते, थकते. मग मातीत लावून तिला जरा आराम द्यायचा. आपल्याला कोण देतं?

पुदिन्याची काडी पाण्यात ठेवताना खालची पानं काढायची. मुळ्या फुटल्या की डब्यात. त्याला शेजारी कोणी चालत नाही, सगळ्यांच्या अंगावर जातो, म्हणून एकटाच डब्यात ठेवलाय. कोबीच्या दांड्याला वर छोटी पानं येतात, गड्डा येत नाही, त्यावरून कोणी पैज लावू नये. लसणाची मोड आलेली पाकळी मातीत खोचली की हिरवी पात मिळते. बटाट्याचा डोळा असलेला तुकडा आधी वाळू द्यायचा, कापलेल्या बाजूवर पापुद्रा धरला की मग पोत्यात. नासका टोमॅटो असेल तर चकती करून मातीवर आडवी ठेवायची, वर मूठभर माती, संपलं. रोपं गर्दी करून येतात. निम्मी उपटायला मन घट्ट लागतं.

गवती चहा कोपऱ्यातल्या मोठ्या डब्यात आहे. त्याला काही करावं लागत नाही. त्याचा फक्त कोणीतरी चहा करायला हवा.

कलम सहावे. थोरली.

आता आलं अवघड.

जिन्याच्या उजव्या हाताला माझी थोरली जाऊ राहते. मधल्या बऱ्याच वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. बिल्डिंगीला माहीत आहे, का ते माहीत नाही. घ्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं एकच घर होतं आणि स्वयंपाकघरही एक. पहिल्या दिवशी मला कांद्याची पात चिरायला बसवलं. मी शेवटपर्यंत चिरली आणि बुडखा उचलून केराच्या डब्यात टाकणार, तोच थोरलीने माझं मनगट धरलं.

"अगं धाकटे, थांब. जीव आहे त्याच्यात अजून."

तिने तो माझ्या हातातून घेतला, ग्लासात ठेवला आणि खिडकीत मांडला. चार दिवसांनी मला हाक मारून दाखवला. मधोमध हिरवं टोक. नव्या घरात मला तेव्हा कोणाचं तोंड बघवत नव्हतं, आईची आठवण यायची. ते टोक बघून मला हसू आलं. मला जे काही येतं ते तिनेच शिकवलंय. हे मी आजवर कोणासमोर बोलले नाही. लिहायला जड जात नाही, बोलायला जातं.

मग घर दोन झालं. मधे भिंत आली, मागच्या लांब गॅलरीत कमरेएवढी फळी आली. फळीच्या दोन्ही बाजूंना बरण्याच बरण्या. आम्ही फळीवरून काड्या द्यायचो, घ्यायचो.

मग एका पावसाळ्यात नगरपालिकेचा डासवाला आला, बॅटरी मारून एकेक बरणी बघितली आणि माझ्या सगळ्या बरण्या मोरीत ओतल्या. बुडख्यांसकट. मी विचारलं, तुम्हाला पाठवलं कोणी? तो म्हणाला, तक्रार आली, शेजारच्या घरातून. तेव्हा थोरलीचा मुलगा तापाने दवाखान्यात होता. माझ्या बरण्यांत अळ्या होत्या. होत्या. तेव्हा मी पाणी आठवेल तेव्हा बदलायचे. हेही खरं की डासवाल्याने तिच्याही बरण्या ओतल्या आणि तिने त्या ओतू दिल्या.

माझं भांडण अळ्यांवरून नाही. मुलगा आजारी असेल तर मी आख्खी गॅलरी रस्त्यावर फेकली असती. माझं म्हणणं एवढंच की फळी कमरेएवढी होती. त्या फळीवरून मला शिव्या घालायच्या. ओरडायचं. मीही ओरडले असते, भांडण झालं असतं, आणि झालेलं भांडण मिटतं. ती ऑफिसात जाऊन कागदावर लिहून आली. न झालेलं भांडण मिटवायचं कसं? ते तसंच पडून राहिलं.

त्यानंतर मी पुन्हा बरण्या मांडल्या आणि पाणी रोज बदलायला लागले. तिने मांडल्या नाहीत. तिची गॅलरी तेव्हापासून ओकीबोकी. कपडे वाळतात, बस.

आता ऐका. लेकीच्या बाळंतपणाला मी गेले होते तेव्हा गॅलरी नवऱ्यावर सोडून गेले होते. परत येईपर्यंत सगळं मेलेलं असणार म्हणून मन तयार करून जिना चढले. बघते तर सगळं टवटवीत. नवरा छाती काढून म्हणाला, "बघ! मला जमत नाही म्हणतेस."

मी पात बघितली. तिरकी कापलेली होती. मी सरळ कापते. नवरा तर पाचर मारल्यासारखी कापतो. तिरकी पात कापणारा हात मी एकच बघितलाय. वयाने गुडघे दुखतात तिचे, फळी ओलांडून कशी आली असेल ते तिलाच ठाऊक.

मी ग्लासांतलं पाणी बदललं आणि आत गेले. 

तरी माझे पश्चात गॅलरीतल्या सगळ्या बरण्या, ग्लास, डबे, पोती, माती, झारी आणि त्यात उगवलेलं व उगवणारं सगळं मी थोरल्या जावेला देते. फळी काढून टाकावी, खर्च माझ्या ठेवीतून करावा. लेकीने काचेचं माप विसरावं. थोरलीला मी माफ केलेलं नाही. हे बक्षीसही नाही. त्या गॅलरीला जगवणारं दुसरं माणूस मला माहीत नाही, एवढंच कारण. आणि तिने नाही म्हटलं तर सगळं केराच्या डब्यात जाईल, हेही मला माहीत आहे. म्हणून हे लिहिताना हात जरा थांबला होता.

कलम सातवे. बाकी काही राहिलं असेल तर ते लेक आणि तिचा बाप यांनी भांडून घ्यावं. तोंडावर.

मृत्युपत्र इथे संपतं. सह्यांसाठी मी पान सोडलं होतं. त्या पानाची वरची अर्धी जागा रिकामी आहे, तिथे पुढचं लिहिते, कारण लिहावं लागतंय.

माझी सही झाली. पोस्टमन वर आले, मी सही करताना बघितलं आणि पहिले साक्षीदार झाले. जाताना म्हणाले, "बाई, गाजराचं कलम घातलंत ना?" मी म्हटलं, घातलंय. खुश झाले. बिचारे.

दुसरा साक्षीदार मिळेना. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, मृत्युपत्र म्हटलं की तिला चक्कर येते. तिच्या समोरचे गावाला गेलेले. नवऱ्याने मशीन थांबवलं आणि म्हणाला, "वहिनी घरातच आहेत."

"अहो, ती कशी चालेल? तिला गॅलरी दिलीय."

"दिलीय?" असं म्हणाला आणि चप्पल न घालताच बाहेर गेला. या माणसाच्या पोटाबद्दल मी वर लिहिलंच आहे.

थोड्या वेळाने दारात थोरली. चष्मा हातात, तोंड लाल.

"भावजी म्हणतात तुझं ऑपरेशन आहे."

मी म्हटलं, "आहे."

"आणि मला सांगायला कागद लागला?"

"तुम्हालाही लागला होता, जाऊबाई."

ती खुर्चीत बसली. चष्मा लावला, माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि सहावं कलम वाचलं. हळू वाचते ती, बोट फिरवत. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. नवरा दोघींच्या मधे उभा, टेप गळ्यात, जणू कोणाचं तरी माप घ्यायचंय.

"तोंडावर बोलले असते तर ऐकलं असतंस?" तिने विचारलं.

"नसतं."

"मग?"

"भांडले असते."

"पोरगा तिकडे तापाने बडबडत होता. मला भांडायला जीव कुठे होता गं?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कोण सांगणार होतं? ज्या दोघी बोलल्या असत्या त्या आम्हीच.

मी म्हटलं, "आता भांडा."

"भांडतेच. तिरकी पात म्हणे! एवढं कळलं होतं तर फळीवरून एक हाक मारता आली नाही? माझे गुडघे त्या फळीवर सोलवटले आणि ही बया पात बघत बसली!"

"आणि तुम्ही दारावरून यायचं सोडून फळीवरून कशाला चढलात?"

"किल्ली भावजींकडे होती आणि त्यांना कळलं असतं तर तुला कळलं असतं!"

नवरा म्हणाला, "म्हणजे ते मी जगवलेलं नव्हतं?"

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "तुम्ही गप्प बसा."

मग तिने विचारलं, "यात साक्षीदार कोणी व्हायचं नाही म्हणतेस?"

मी सांगितलं. ज्याला मिळणार त्याने. झाला तर त्याचं मिळणं रद्द.

तिने पेन उचललं. मी ओट्यापासून येईपर्यंत पोस्टमनच्या सहीखाली तिची सही झालेली होती.

"अहो जाऊबाई, हे काय केलंत? गेलं ना कलम!"

"जाऊ दे. मला नको तुझी गॅलरी. माझ्या माथी मारून तिकडे आरामात पडायला बघतेस होय? तू यायचं परत. आलीस की स्वतःच्या हाताने घाल पाणी. तोवर मी बघते."

"आणि नाही आले तर?"

"तर सगळं मोरीत ओतेन. मला सवय आहे."

मला हसू आलं, आणि पोटातल्या गाठीपर्यंत गेलं. तीही हसली. मग उठून गॅलरीत गेली आणि तिथून ओरडली की टोमॅटोची रोपं किती गर्दीत ठेवलीयत, मन घट्ट कर आणि निम्मी उपट. म्हटलं, तुम्हीच उपटा. आता ती उपटतेय.

तर सर्वांना कळावं, कलम सहावे साक्षीदाराच्या सहीमुळे रद्द झालं. गॅलरी आता कोणाचीच नाही, म्हणजे माझीच. हा कागद मी पुन्हा लिहिणार नाही, बोटं दुखतात. तेव्हा मला परत यावंच लागेल. डॉक्टरांनी याची नोंद घ्यावी.

नवरा आत्ताच फळी काढायला पक्कड शोधतोय. मिळणार नाही. ती त्यानेच गाजराच्या बादलीत टाकून ठेवलीय.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, ओट्याशेजारी.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा बुधवार, दुपारचा चहा उतू गेला तेव्हा.

सही: लिहून ठेवणारी, धाकटी.

साक्षीदार पहिले: रिटायर पोस्टमन, पहिला मजला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. गाजर मी स्वतः बघितलेलं आहे.

साक्षीदार दुसरी: थोरली जाऊ, जिन्याच्या उजव्या हाताला. हिने माझ्यासमोर सही केल्याचं मी बघितलं नाही, पण हीच ती वेडीवाकडी सही, लग्न होऊन आली तेव्हा मी हिला ती गिरवताना बघितलंय. वकीलीणबाईंना चालत नसेल तर आल्यावर पुन्हा करेल. मला यातून काहीही मिळालेलं नाही. ग्लासातलं पाणी बदललं.